बाल्कनीतली वेल: आदिलाबादच्या उन्हाचा हिशेब

आदिलाबादमध्ये तुमची बाल्कनी सरळ दक्षिणेकडे असेल, तर साधारण १९ मे ते २५ जुलै या दिवसांत तिच्यात थेट ऊन येत नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळीही नाही. दक्षिणेची बाजू उन्हाची आणि उत्तरेची सावलीची, असं धरून चालणाऱ्याला हे पटत नाही. पण आदिलाबाद शहर १९.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि मग तो आणखी उत्तरेला सरकतो. पुढचे नऊ-दहा आठवडे तो ईशान्येकडे उगवतो, दुपारी माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि वायव्येकडे मावळतो. दक्षिणेच्या अंगणात तो उतरतच नाही.

आता गंमत अशी, की आपल्याकडे वेली लावायच्या त्या मृगात. पाऊस पडला की कारल्याच्या चार बिया कुंडीत टोचायच्या, हा सगळ्यांचा शिरस्ता. दक्षिणेच्या बाल्कनीत टोचलेलं ते बी उगवतं, पण रोप उन्हाच्या शोधात लांबुडकं, फिकट होत जातं. दोष मात्र बियाण्याच्या दुकानाला मिळतो. तेच बी उत्तरेच्या बाल्कनीत, जिथे लोक मनीप्लांटशिवाय काही लावत नाहीत, तिथे जूनमध्ये सकाळ-संध्याकाळचं ऊन खाऊन कठड्यावर चढलं असतं.

म्हणून वेलीचं काम बियाण्यापासून सुरू करू नये. आधी बाल्कनी ओळखावी, मग बी आणावं. या प्रकरणात तीन गोष्टी पाहू: ऊन कुठून आणि कधी येतं, वेल कशाने धरते, आणि तिच्या मुळांना आपण काय देतो. या तीन गोष्टी जुळल्या की उरतं ते पाणी घालणं आणि वाट पाहणं.

चार दिशा, चार बाल्कन्या

पूर्वेची बाल्कनी सर्वांत सोपी. वर्षभर सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली. आदिलाबादचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना दुपारच्या सावलीची किंमत सांगायला नको. पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि झळा संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत.

पश्चिमेची सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेची. सगळा दिवस तापलेल्या हवेत भर म्हणून तिरपं ऊन थेट भिंतीवर येतं, आणि भिंत ते रात्रभर घरात सोडत राहते. इथे वेल भाजीपेक्षा पडदा म्हणून लावायची. त्याबद्दल पुढे येईलच.

उत्तरेची बाल्कनी मे ते जुलै उन्हाची आणि थंडीत पूर्ण सावलीची. पावसाळी वेलींना ती चालते, पण दसऱ्यानंतर तिथे फळाची आशा ठेवू नये.

दक्षिणेची बाल्कनी याच्या नेमकी उलटी. २१ डिसेंबरला भर दुपारी आदिलाबादचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. इतकं तिरपं ऊन वरच्या मजल्याच्या स्लॅबखालून आत शिरतं. फक्त कठडा विटांचा भरीव आणि मीटरभर उंच असेल, तर त्याची सावलीही जवळजवळ तेवढीच, ९० सेंटिमीटरच्या आसपास पडते. कठड्याला चिकटवून जमिनीवर ठेवलेली कुंडी त्या सावलीत राहते. ती एक तर मागे भिंतीकडे सरकवावी, नाही तर ओट्यावर उचलून ठेवावी. जाळीदार लोखंडी कठडा असेल तर हा प्रश्नच नाही.

खोडाचा खर्च वाचवणारी झाडं

झाडाला उजेड हवा असतो आणि उजेड वर असतो. सागाने त्यासाठी जाडजूड खोड उभारण्याचा मार्ग धरला. या जिल्ह्याच्या जंगलात तो दिसतोच. वेलीने दुसरा मार्ग धरला. लाकूड बनवण्यात शक्ती न घालवता तिने ती लांबी आणि पानांवर लावली, आणि उभं राहायला दुसऱ्याचा खांदा घेतला. दोडक्याची वेल दोन-तीन महिन्यांत वरच्या मजल्याची बाल्कनी गाठते ती यामुळे. बाल्कनीत मात्र खांदा देणारं झाड नसतं. तिने वाचवलेला खर्च आपल्याला भरावा लागतो.

या चढण्याचा सखोल अभ्यास चार्ल्स डार्विनने केला. लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा दीर्घ निबंध १८६५ मध्ये आला आणि १८७५ मध्ये त्याचं पुस्तक झालं. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याने तणाव्यांच्या हालचालीवर लिहिलेलं टिपण वाचून डार्विनला या विषयाची ओढ लागली. आजारपणामुळे तो खोलीत अडकून पडला होता. तेव्हा बिअरमध्ये घालतात त्या हॉपच्या वेलीची कुंडी त्याने खोलीतच ठेवून घेतली आणि शेंडा कसा फिरतो ते रात्रंदिवस टिपलं. आधाराच्या शोधात असलेला शेंडा हवेत गोल फिरतो. गरम दिवसांत हॉपच्या शेंड्याला एका फेरीला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागत होता. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मायाळूचा किंवा गोकर्णाचा मोकळा शेंडा सकाळी कुठे रोखलेला आहे ते भिंतीवर खडूने खुणावून ठेवा आणि तासाभराने पुन्हा बघा.

धरण्याच्या तऱ्हा

बाजारात सगळ्याच वेलींना एकच प्लास्टिकची जाळी विकतात. पण प्रत्येक वेल आपापल्या तऱ्हेने धरते आणि आधारही त्याप्रमाणे बदलावा लागतो.

पहिली तऱ्हा गुंडाळणाऱ्यांची. गोकर्ण, मायाळू, वाल आणि गुळवेल यांचं सगळं खोडच आधाराभोवती फिरत वर जातं. यांना उभा आधार हवा: काथ्याची दोरी, बांबूची कामटी, खिडकीच्या गजाचा उभा बार. आडव्या गजांवर ही मंडळी भरकटतात. आधार मनगटाहून जाड असला तर गोकर्णासारख्या बारीक वेलीला त्याला वेढा घालता येत नाही. बाल्कनीच्या सिमेंटच्या खांबाभोवती ती घसरतच राहते.

यातल्या बहुतेक वेली एकाच बाजूने वळतात. नऊ देशांतल्या १७ ठिकाणी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ९२ टक्के गुंडाळणाऱ्या वेली उजव्या फिरकीच्या निघाल्या, म्हणजे वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चढणाऱ्या. उत्तर गोलार्ध की दक्षिण, याने फरक पडला नाही. अपवादही आपल्या ओळखीचा आहे. कोनफळाची वेल उजवी, तर तिच्याच कुळातल्या करांद्याची डावी. सुटलेली वेल आपण हाताने दोरीला गुंडाळतो तेव्हा तिची फिरकी बघून गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर वाढता शेंडा वेढा सोडून पुन्हा आपल्या वाटेने जातो.

दुसरी तऱ्हा तणाव्यांची. दोडका, कारलं, काकडी, तोंडली, काटवल, मटार आणि कृष्णकमळ या सगळ्यांत ती दिसते. दोडक्याच्या पेराशी फुटलेला तणावा जवळून पाहावा. कोवळा असताना तो सरळ, किंचित वाकड्या टोकाचा आणि तीन-चार फाट्यांचा असतो. कारल्याचा मात्र एकेरी. त्याच्या टोकाजवळ काडी हळूच टेकवली की स्पर्श झालेल्या बाजूकडे तो वळू लागतो. कृष्णकमळाच्या एका जातीत ही हालचाल सुमारे अर्ध्या मिनिटात सुरू झाल्याचं डार्विनने नोंदवलं आहे. टोकाने काडीला दोन-तीन वेढे घातले की एक-दोन दिवसांत मधला सरळ भाग मळसूत्रासारखा वळायला लागतो आणि वेलीला आधाराकडे ओढून घेतो. दोन्ही टोकं बांधलेली असल्यामुळे सगळे वेढे एकाच दिशेने पडू शकत नाहीत. मध्ये कुठेतरी एक सरळ तुकडा राहतो, त्याच्या एका बाजूला डावे वेढे आणि दुसऱ्या बाजूला उजवे. २०१२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी काकडीच्या तणाव्यावर दाखवून दिलं, की आत तंतूंची एक पट्टी असते आणि तिची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तो वळतो. जून तणावा ओढला तर सुटण्याऐवजी आधी आणखी वेढे घेतो. पावसाळी वाऱ्यात वेल गदागदा हलते आणि तरी तुटत नाही, याचं श्रेय या रचनेला जातं.

तणाव्याला बारीक आधार लागतो, पेन्सिलीएवढा किंवा त्याहून बारीक, आणि भरपूर फाटे असलेला. त्यासाठी आदिलाबादसारख्या कापसाच्या जिल्ह्यात पऱ्हाटीपेक्षा चांगली वस्तू नाही. वेचणी संपल्यावर शेतकरी ज्या पऱ्हाट्या उपटून ढीग घालतो, त्यातल्या चार-पाच वाळक्या पऱ्हाट्या कुंडीत रोवल्या की मटाराला आणि काकडीला हवे तितके हात मिळतात. एकच काळजी घ्यायची. पऱ्हाटीला चिकटलेली कवडी बोंडं आणि वाळकी पानं घराबाहेरच काढून जाळून टाकावीत, कारण गुलाबी बोंडअळी तशा बोंडांत दडून राहते. वर मोठ्या चौकटीसाठी बुरुडाकडून कामट्या घ्याव्यात.

पश्चिमेच्या बाजूला लोखंडी ग्रिलचा थेट आधार देऊ नये. एप्रिलच्या दुपारी ज्या गजाला हात लावता येत नाही, त्याला कोवळा तणावा तरी कसा धरील? गजाला काथ्या गुंडाळला की काम भागतं.

तिसरी तऱ्हा पानांची. मोरवेल आणि नॅस्टर्शियम देठाने धरतात, तर पावसात जंगलाच्या कडेला फुलणारी कळलावी पानाच्या टोकाने. कळलावी दिसायला देखणी असली तरी तिचा कंद आणि बाकी सगळे भाग विषारी आहेत. लहान मुलांच्या घरात ती नको.

उरलेल्या दोन तऱ्हा थोडक्यात. मनीप्लांट आणि पानवेल मुळांनी चिकटतात. त्यांना ओलसर, खरखरीत खांब हवा. पानवेलीला सावली आणि दमट हवा लागते, म्हणून पानमळ्यात तिला शेवरीच्या सावलीत वाढवतात. आदिलाबादचा कोरडा उन्हाळा उघड्या बाल्कनीत तिला झेपत नाही. बोगनवेल काट्यांवर रेलते, ती बांधूनच चढवावी लागते.

काळी माती कुंडीत

शेतातली काळी माती म्हणजे कापसाचं सोनं, हे खरं. पण तीच माती कुंडीत भरली तर घात करते. या मातीतली चिकण ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात त्याने भेगा पडतात. कुंडीत माती कडेपासून सुटते, आणि मग घातलेलं पाणी मुळांपर्यंत न जाता कडेने सरळ खाली निघून जातं. तळाला पाणी वाहिलं म्हणून आपण निश्चिंत, आणि वेल तहानलेली. उलट पावसाळ्यात तीच माती चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते.

म्हणून काळी माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि कोकोपीट, भाताचा तूस किंवा भरड वाळू यांपैकी काहीतरी मिळून एक भाग, असं मिश्रण करावं. कारलं किंवा दोडक्याला निदान २० ते २५ लिटरची कुंडी हवी. गोकर्णाला दहा-बारा लिटर पुरतात. शिवाय त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात, त्यामुळे खतही कमी लागतं. चिकण मातीची त्याला तक्रार नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये जड मातीच्या रानांत ते चाऱ्यासाठी पेरतात.

आता वजन. ओल्या काळ्या मातीने भरलेली २० लिटरची कुंडी पस्तीसेक किलोपर्यंत जाते. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात (१९८७) घराच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला निदान ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो भार धरायला सांगितला आहे, आणि त्यात माणसंही आली. बाल्कनी भिंतीतून पुढे आलेली असल्यामुळे टोकावरचा भार तिला जास्त जड जातो. मोठ्या कुंड्या भिंतीच्या बाजूला ठेवाव्यात आणि दोरी तिरपी नेऊन वेल कठड्यावर न्यावी. खिडकीवरचा छज्जा तर असा भार घेण्यासाठी बांधलेलाच नसतो. तिथे कुंडी ठेवूच नये. स्लॅबच्या सळ्या गंजून बाहेर दिसत असतील, तर आधी इंजिनिअरला दाखवावं.

फुलं भरपूर, फळ नाही

भोपळ्याच्या कुळातल्या वेलींबद्दल हीच तक्रार जास्त ऐकू येते. याचं कारण असं, की दोडका, कारलं, काकडी यांत नर आणि मादी फुलं वेगळी असतात आणि सुरुवातीला बहुतेक नरच येतात. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं इवलं फळ आधीच दिसतं. नराच्या मागे नुसता देठ. मोठे दिवस, कडक उष्णता आणि जास्त नत्र यांनी नर फुलं वाढतात. वेल हातभर लांब झाल्यावर शेंडा खुडला की बगलेच्या फांद्या फुटतात आणि मादी फुलं त्यांच्यावर जास्त येतात. बागकाम करणाऱ्यांत ‘थ्री-जी कटिंग’ म्हणून गाजलेली युक्ती याच तत्त्वावर चालते.

दुसरं कारण मधमाश्यांचं. वरच्या मजल्यांवर त्या कमी येतात, मग परागीकरण हाताने करावं लागतं. पण त्याला वेळ पाळावी लागते. गिलक्याचं आणि कारल्याचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं मात्र दिवस मावळताना. सकाळी दोडक्याजवळ ब्रश घेऊन बसलेल्या माणसाचे श्रम वाया जातात. संध्याकाळी नर फूल तोडावं, पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि पिवळा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावा. धरलेलं फळ दोन दिवसांत फुगायला लागतं. मग त्याला कागदी पिशवी घालावी, नाही तर फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते आणि आतून अळ्या निघतात.

पावसाळ्यात बाजारात मानाने विकली जाणारी काटवलं घरी लावायची तर आणखी एक अडचण आहे. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. दोन्हींचे कंद हवेत, आणि नुसतं बी लावून कोणती निघेल ते फुलं येईपर्यंत कळत नाही.

ज्यांना हा सगळा उपद्व्याप नको त्यांनी तोंडली लावावी. बाजारात लागवडीला मिळते ती मादी वेलीची फांदी. परागाशिवायही फळ धरणाऱ्या या वेलीला मधमाशीची फारशी गरज पडत नाही. वाल आणि मटार आपलं फूल आपणच फळवतात. मायाळूचं तर पान खायचं, फुलाचा प्रश्नच नाही. तेलुगू शेजारी तिला बच्चली म्हणतात आणि तिची डाळ करतात; त्यांच्याकडे एक फांदी मागितली तर पाण्यात ठेवूनही तिला मुळं फुटतात.

वालाची एक खोड लक्षात ठेवावी. त्याच्या जुन्या गावरान जाती दिवस लहान होईपर्यंत फुलत नाहीत. आदिलाबादचा जूनमधला दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमधला अकरा तासांचा. जूनमध्ये लावलेला वाल तीन महिने नुसता पाला वाढवतो आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला फुलतो. ऑगस्टमध्ये कंटाळून उपटला, तर चूक वेलीची नव्हे.

पश्चिमेची झळ अडवताना

पानं थंडावा देतात तो दोन तऱ्हांनी: ऊन भिंतीवर पडू देत नाहीत, आणि पाण्याची वाफ करून हवेतली उष्णता घेतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते, तेवढी हजार वॅटचा हीटर चाळीस मिनिटं चालल्यावर तयार होते. दाट वाढलेली वेल मेच्या दिवसांत रोज दोन-तीन लिटर सहज उडवते. अर्थात हे पाणी कुंडीत असेल तरच. पश्चिमेला सकाळी आणि संध्याकाळी दोनदा पाणी, मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन, आणि कुंडीला दुसऱ्या कुंडीची किंवा पोत्याची सावली, एवढं करावंच लागतं.

वेलीची चौकट भिंतीला चिकटवू नये. कठड्याच्या बाजूला उभी करावी आणि भिंतीपर्यंत हवा खेळती ठेवावी, म्हणजे ऊन बाहेरच अडतं. इथे गोकर्ण, मायाळू किंवा मोठ्या कुंडीत मधुमालती टिकते. कारलं-दोडका मेमध्ये जगला तरी फळ धरत नाही, कारण तेवढ्या उष्णतेत पराग मरतो. उन्हाळ्यात पश्चिमेच्या वेलीकडून सावली घ्यावी, भाजी मागू नये.

वर्षाचा क्रम

मृगाच्या पावसाबरोबर पूर्व आणि उत्तरेच्या बाल्कनीत दोडका, काकडी, कारलं लावावं. वाल पूर्वेला; उत्तरेला लावला तर फुलायच्या वेळीच ऊन निघून जाईल. दक्षिणेकडे या दिवसांत मायाळू तेवढी धीर धरते.

भाद्रपदाच्या अमावस्येला तेलंगणात फुलांची उतरंड रचण्याचा बतुकम्मा सण सुरू होतो आणि दुर्गाष्टमीपर्यंत चालतो. फुलांच्या त्या उतरंडीत तरवड आणि कुर्डूबरोबर भोपळ्याची पिवळी फुलंही लागतात. गच्चीवर भोपळा असेल तर नर फुलं खुशाल द्यावीत. पराग लावून झाला की फळाचं काही नुकसान होत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस दक्षिणेच्या बाल्कनीची पाळी येते. मटार, नॅस्टर्शियम आणि वासाच्या फुलांचा स्वीट पी यांना थंडी हवी असते, आणि आदिलाबाद तेलंगणातल्या थंड जिल्ह्यांत मोडतं. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहा अंशांखाली उतरतं. त्यामुळे मटार इथे पऱ्हाटीवर चढून शेंगा देतो. थंडीत तोंडली मरगळते; फेब्रुवारीत तिला हातभर ठेवून छाटावी आणि शेणखत द्यावं, म्हणजे ऊन वाढताच नवी फूट येते.

पहिल्या वर्षी एकाच बाल्कनीत दहा जाती लावण्याचा मोह टाळावा. एक गुंडाळणारी आणि एक तणाव्यांची, अशा दोन वेली पुरेत. त्या वाढत असताना दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला, ऊन कुठपर्यंत येतं त्याची फरशीवर खूण करून वहीत उतरवून ठेवावी. वर्षाअखेरीला बारा पानांचा जो नकाशा हाती येईल तो तुमच्याच बाल्कनीचा असेल, आणि पुढच्या मृगात कुठलं बी घ्यायचं हे दुकानदाराला विचारायची गरज राहणार नाही.